एकशिपी

गिरगावातल्या आत्याच्या बिऱ्हाडात मोरीच्या कठड्यावर एक शिंप असायची. वीतभर लांब, पांढरी, जाड, बशीसारखी खोलगट. तिच्यात लाल साबणाची वडी. आम्ही मुलं हात धुवायला गेलो की साबण उचलायचो आणि खालच्या ओल्या पांढऱ्या पोटावरून बोट फिरवायचो. आतून ती चिनी मातीच्या कपासारखी गुळगुळीत होती. पाठीवर मात्र पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या, आणि वळ्यांवर कौलं रचावीत तसे एकावर एक चढवलेले पातळ खवले. त्यातले बरेचसे तुटलेले. कड कशी? करंजीला मुरड घालताना हात जड असला की जशी मोठाली नागमोडी मुरड पडते, तशी.

आतोबा रामेश्वरच्या यात्रेहून येताना वाळूच्या पुडीबरोबर ही शिंपही घेऊन आले होते. वाळू पुढे काशीला गेली आणि गंगेत पडली. शिंप मोरीवर राहिली.

आत्या वेंगुर्ल्याची. तिच्या हातच्या तिसऱ्यांच्या एकशिपीसाठी आम्ही बोरिवलीहून गिरगावात जायचो. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिसऱ्या धुऊन, विळीवर एकेक फोडून दोन शिंपा वेगळ्या करायच्या. जिला मांस चिकटलेलं आहे ती ठेवायची, रिकामी टाकून द्यायची. मग कांदा, ओलं खोबरं, तिरफळ, सोलं. ताटात येते ती एकच शिंप, तिच्यात बोटाच्या पेराएवढा जीव. म्हणून एकशिपी. खाऊन झालं की ताटाच्या कडेला शिंपांचा ढीग, आणि कोणाचा ढीग मोठा यावरून आमची भांडणं.

अशाच एका दुपारी हात धुताना मी आत्याला विचारलं होतं, "हिची दुसरी शिंप कुठाय गो?" आत्या मागे वळूनही न बघता म्हणाली, "दुसरी रामेश्वरान ठेवन घेतल्यान."

मला ते पटलं होतं. देवाने एक ठेवायची, एक भक्ताला द्यायची, व्यवहार चोख. त्या शिंपेत कोणी राहत होतं का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. खरं सांगायचं तर पुढची तीसेक वर्षं पडला नाही.

तो पडला अगत्तीला. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाच्या कंकणाकृती कड्यावर बसलेली आहेत. बहुतेक बेटांना पूर्वेला खुला समुद्र आणि पश्चिमेला लगून, म्हणजे प्रवाळाच्या बांधाआड अडलेलं उथळ, नितळ पाणी. सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. लगूनांचं पाणी मात्र हजारो चौरस किलोमीटर. तिथे राहणाऱ्या माणसाला अंगण लहान आणि परसदार अफाट. कोचीहून छोटं विमान अगत्तीवर उतरतं तेव्हा दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं, आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत आपण समुद्रात उतरतोय असंच वाटत राहतं.

सकाळी नऊची वेळ, ओहोटी. होडीवाल्याने लगूनात कमरेएवढ्या पाण्यात नांगर टाकला. खाली पांढरी वाळू, मधूनमधून प्रवाळाचे गोल धोंडे. मी मास्क चढवून पालथी झाले. पोहणं माझं विहिरीत शिकलेलं, त्यामुळे समुद्रात थोडं घाबरतच. आधी नजर जाते ती माशांकडे. मासे हलतात, म्हणून. मग एका राखाडी धोंड्याच्या माथ्यावर मला काहीतरी अडकलेलं दिसलं. चिंधी वाटली. कोणाच्या तरी ब्लाउजचा तुकडा वाहत येऊन फटीत अडकला असावा, असा तो मोरपंखी रंग होता. जवळ गेले. ती चिंधी नव्हती. धोंड्यात एक नागमोडी फट होती आणि त्या फटीतून दोन मांसल ओठ बाहेर येऊन दोन्ही बाजूंना पसरले होते, गादीवरची चादर खाली लोंबावी तसे. मध्ये गडद निळा, कडेकडेला जांभळ्याकडे झुकणारा, आणि सगळ्या अंगावर पिवळसर हिरवे ठिपके. माझं डोकं किंचित हललं की निळ्याचा हिरवा व्हायचा, हिरव्याचा सोनेरी. धूपछाव लुगड्याचा पदर वाऱ्यावर हलावा तसं. पण पदर हलत नव्हता, मी हलत होते.

आणखी नीट बघावं म्हणून मी अगदी वर गेले, आणि ते मिटलं.

एका क्षणात. ओठ आत ओढले गेले, फट आवळली, पाण्याची एक चिळकांडी माझ्या मास्कवर येऊन आपटली, आणि समोर उरली फक्त करड्या शिंपेची नागमोडी कड. मुरड घातलेली करंजी. त्या कडेकडे बघताना माझ्या बोटांना आधी आठवलं, मग मला. मोरीचा कठडा. ओला पांढरा गुळगुळीतपणा. साबण.

डोकं वर काढलं तर होडीवाला वल्ह्यावर रेलून हसत होता. तिथली बोली जसरी, मल्याळमच्या गोतातली, मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण पर्यटकांपुरतं हिंदी त्याच्याकडे होतं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, परछाई."

माझी सावली पडली होती त्याच्यावर.

मी बाजूला सरकले, ऊन मोकळं केलं आणि थांबले. शिंप आधी केसभर उघडली. मग ओठाची एक कड बाहेर आली, बाळंतिणीच्या खोलीच्या पडद्याआडून कोणी डोकावावं तशी. मग दुसरी. मिनिटभरात चादर पुन्हा अंथरलेली. हाताच्या अंतरावर त्याच धोंड्यात दुसरा होता, तपकिरी अंगावर सायीच्या रंगाच्या रेघा असलेला. त्याच्यापलीकडे तिसरा, शेवाळी हिरवा, कडेला काळ्या टिंबांची ओळ. तिघे एकाच मापाचे, एकाच धोंड्यातले, एकाच पाण्यात वाढलेले. एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. त्या सकाळी मी सतरा मोजले आणि सतराही वेगळे निघाले. अठरावा बघायच्या आत माझे दात वाजायला लागले.

परत आल्यावर पुस्तकं काढली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ साली भारतीय शिंपल्यांवर इंग्रजीत एक पुस्तक काढलं, ते डॉ. दीपक आपटे यांचं. त्यातून सुरुवात करून पुढे जे जे सापडलं ते वाचत गेले. ट्रायडॅक्ना मॅक्झिमा. महाकाय शिंपल्यांच्या घराण्यातला एक. घराण्याचं नाव ग्रीक शब्दांवरून आलंय, अर्थ 'तीन घासांचा'. एका घासात संपत नाही, तीन लागतात, एवढा मोठा शिंपला. नाव ठेवणाऱ्याच्या मनात आधी जेवण आलं हे बघून मला आत्याची आठवण झाली.

या घराण्यातला खरा राक्षस वेगळा, ट्रायडॅक्ना गिगास. तो सव्वा मीटरपर्यंत वाढतो, वजन दोनशे किलोच्या वर जातं. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवणारा शिंपला म्हणून ज्याच्या थापा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या तो हाच. माझा अगत्तीचा मित्र त्याच्यापुढे पोर. बहुतेक वेळा वीतभर, फार तर फूट-सव्वा फूट. पण १७९८ साली रोडिंग नावाच्या जर्मन अभ्यासकाने याचं बारसं केलं तेव्हा त्याला मॅक्झिमा म्हटलं, म्हणजे सगळ्यात मोठा. इंग्रजीत त्याला पुढे लहान महाकाय शिंपला असं नाव पडलं. घरातल्या धाकट्याला सगळ्यांनी थोरलेकाका म्हणावं, असा हा प्रकार. मराठीत त्याला नावच नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर तो नाही. कोकणच्या खाड्यांचं पाणी गाळाचं, पावसाळ्यात चहासारखं. आपल्याकडे तिसऱ्या, खुबे, कालवं. गढुळात सुखाने राहणारी माणसं. याला लागतं तळ दिसेल असं पाणी. का, ते पुढे येतं.

तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने, मालदीव-लक्षद्वीपवरून थेट पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियापर्यंत याचा पसारा आहे. घराण्यात इतका लांब पसरलेला दुसरा कोणी नाही. अंदमानात याचा आणखी धाकटा भाऊ भेटतो, क्रोशिया, पंधराएक सेंटिमीटरचा. तो आम्ल सोडून प्रवाळ विरघळवतो आणि कडेपर्यंत आत रुतून बसतो. मॅक्झिमा अर्धाच रुततो. तळाशी रेशमासारख्या चिवट धाग्यांचा झुबका काढून दगडाला धरून ठेवतो, आणि एकदा धरलं की सहसा जागा सोडत नाही.

डोळ्यांची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडली, कारण ती माझ्याच फजितीची निघाली. पसरलेल्या ओठांच्या कडेने जी काळी टिंबं मला नक्षी वाटली होती, ते डोळे होते. काही शेकडा. प्रत्येक डोळा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान आणि एकालाही भिंग नाही. नुसती खोबण आणि तिला एक बारीकसं भोक. शाळेत बुटाच्या खोक्याला सुईने भोक पाडून आपण कॅमेरा करायचो, तसा. २००३ साली मायकेल लँड नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याच मॅक्झिमाच्या डोळ्यांची तीक्ष्णता मोजली. हात पूर्ण लांब करून मूठ धरा. ती मूठ डोळ्यासमोर जेवढी जागा अडवते, तिच्या साधारण दीडपट आकाराच्या ठिगळांत याचं जग विभागलेलं असतं. त्याहून बारीक काही कळत नाही. चेहरा नाही, मासा की माणूस हे नाही. पण काळं काहीतरी सरकतंय, हे कळतं. सावली अंगावर पडायच्या आधीसुद्धा कळू शकतं.

म्हणजे मी त्याला डोळे भरून बघत होते तेव्हा तोही मला बघत होता, शेकडो डोळ्यांनी, आणि त्याला दिसत होतं ते इतकंच की ऊन गेलं.

आणि ऊन जाणं ही त्याच्यासाठी साधी गोष्ट नाही. तिसरी चिखलात अंग खुपसून राहते, दोन नळ्या वर काढून पाणी आत घेते, गाळते, जे सापडेल ते खाते. हाही पाणी गाळतो. पण घराणं कधीतरी उलटं झालं. बिजागरीची बाजू खाली, तोंड वर आकाशाकडे, आणि जे मांस बाकीचे शिंपले आत दडवून ठेवतात तेच याने बाहेर काढून उन्हात पसरलं. त्या मांसात पोटापासून निघालेल्या बारीक नळ्यांचं जाळं आहे आणि त्या नळ्यांत सूक्ष्म शैवालं राहतात, कोटींच्या हिशेबात. ती उन्हात अन्न शिजवतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. बदल्यात त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या अंगची घाण त्यांना खत म्हणून पुरते. स्वयंपाकघर अंगणात मांडलेलं घर. त्याला पाणी नितळ लागतं ते यासाठी. गढुळात चूलच पेटणार नाही.

मग तो निळा कशाला? शैवालं तर तपकिरी असतात. या प्रश्नावर मी बराच काळ अडले होते आणि उत्तर सापडलं तेव्हा दुपारचा चहा गार झाला. निळा रंग नव्हेच. तिथे निळं असं काही नसतं, मोरपिसात नसतं तसंच. वरच्या कातडीत काही पेशी असतात, त्यांच्या आत पारदर्शक पातळ चकत्यांच्या चळती. त्यांच्यावर ऊन पडलं की काही किरण परत फिरतात, काही आत शिरतात, आणि परत फिरलेले आपल्याला निळे-हिरवे दिसतात. कोन बदलला की छटा बदलते. अ‍ॅलिसन स्वीनी या अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की या पेशी नुसत्या चमकत नाहीत, कामं वाटून देतात. शैवालांना जे तांबडे आणि निळे किरण लागतात, ते त्या पसरवून खोलवर आत सोडतात. जे लागत नाहीत, ते बाहेर परतवतात. आणि आत शैवालं पसरलेली नसतात, ती उभी रचलेली असतात, एकावर एक.

हे वाचताना माझ्यासमोर उतरंड आली. आजीच्या कोठीतली मडक्यांची उतरंड, सगळ्यात खाली मोठं, वर लहान होत जाणारी. आजीला जे मडकं हवं असायचं ते नेमकं तळातलं. शिंपल्याच्या उतरंडीत ती अडचण नाही. वरून पडणारं कडक ऊन चकत्यांच्या पेशी फोडतात, मऊ करतात आणि कडेकडेने खाली उतरवतात. त्यामुळे तळातल्या शैवालालाही हवं तेवढं मिळतं आणि माथ्यावरचं करपत नाही. विषुववृत्ताजवळच्या दुपारी उघड्यावर अन्न शिजवायचं आणि करपू द्यायचं नाही, हे काम सोपं नाही. २०२४ साली स्वीनींच्याच गटाने या रचनेचं गणित मांडलं, सौरऊर्जेच्या यंत्रांना त्यातून काही शिकता येईल या आशेने. ते यंत्र होईल तेव्हा होईल. मला त्यातून एवढं मिळालं की मी ज्याला सौंदर्य म्हणत होते ती झाकणीवरून बाहेर पडणारी वाफ होती. आत शिजत होतं ते वेगळंच.

एक कबुली इथेच देते. हे कळल्यावर तो मला कमी सुंदर वाटेल अशी धास्ती होती. तसं झालं नाही. उलट नक्षी म्हणून जिच्याकडे बघितलं ती राबणाऱ्या बाईची लगबग होती, हे कळल्यावर थोडी लाज वाटली.

शिंपल्याचा जन्म मात्र फारच पोरका. तो आधी नर असतो, मोठा झाला की नर आणि मादी दोन्ही, आपला अर्धनारीनटेश्वर. पण स्वतःचं स्वतःशी लग्न लागू नये म्हणून आधी शुक्राणू सोडतो, अंडी मागून. एकाने सोडलं की शेजारचे जागे होतात आणि पाणी पांढुरकं होतं. अंडी लाखांच्या हिशेबात. पण इथे अंतराचा खेळ आहे. जागचे न हलणारे जीव, शेजारी लांब असला की बीज पाण्यात विरून जातं. धोंड्यावरून एक उचलला तर एकच गेला असं होत नाही, उरलेल्यांचं शेजारपणही जातं. जी काही अंडी फळतात त्यांची पिल्लं आठवडाभर पाण्यात भटकतात आणि मग जागा शोधून बसतात. आईने त्यांना शैवालाची शिदोरी दिलेली नसते. अंड्यात ती नसतेच. प्रत्येकाने वाहत्या पाण्यातून आपलं आपलं बियाणं गिळायचं आणि चूल मांडायची. जमलं तर जमलं. लाखांतल्या कितींना जमतं, हे त्या धोंड्यावरच्या तिघांकडे बघून समजून घ्यायचं.

पॉलिनेशियातल्या तुआमोतू बेटांवर याला पाहुआ म्हणतात आणि तिथे हाच घरचा मासळीबाजार आहे. तिथल्या काही बंदिस्त लगूनांत तो चौरस मीटरला शेकड्यांनी सापडायचा, दगड दिसायचा नाही इतका. ताताकोतो हे त्यातलं नावाजलेलं बेट. २००९ साली समुद्र शांत पडला, लगूनातलं पाणी बदलेना, तापलं, आणि त्यातले बहुतेक मेले. लाट आली नाही म्हणून मेले. आपण लाटेला भिणारी माणसं, आपल्याला हे मरण चटकन समजत नाही.

लक्षद्वीपचं पाणी १९९८ साली तापलं, मग २०१०, मग २०१६, आणि पुन्हा २०२४. पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, हे आता वर्तमानपत्रांतून सगळ्यांना माहीत झालंय. शिंपलाही तेच करतो. भाडेकरू निघून जातात, उतरंड रिकामी होते. आधी मधला भाग फिका पडतो, मग कडा. शिंपला जिवंत असतो, सावली पडली की मिटतोही. पण चादर पांढरी. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परततात, नाही तर तो उपाशी मरतो. दीपक आपटे आणि त्यांचे सहकारी चौदा वर्षं लक्षद्वीपच्या प्रवाळात या शिंपल्यांची मोजदाद करत होते. पाण्याचा चढता ताप आणि यांची संख्या यांचा संबंध लावणारा त्यांचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. चौदा वर्षं. मला सतरा मोजताना हुडहुडी भरली होती.

मला दुसऱ्या फेरीत असा एक पांढरा पडलेला दिसला. होडीवाला वेगळा होता, धोंडाही वेगळा. दुरून वाटलं रिकामी शिंप पडलीय. जवळ गेले तर ओठ बाहेर होते, पसरलेले, आणि पार फिके, कडेला तेवढी डोळ्यांची काळी टिंबं जागी. तो पांढरा मला ओळखीचा होता. आत्याच्या मोरीवर मी त्यावरून बोट फिरवलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते की शिंपला पांढरा असतो. असतोच तो, मेल्यावर. रंग शिंपेत नसतो, जीव असतो तिथे असतो, आणि जीव गेला की अर्ध्या दिवसात त्याचा मागमूस राहत नाही. आतोबांनी रामेश्वरहून जे आणलं ते ताटाच्या कडेला ढिगात टाकायच्या शिंपांपैकी होतं. जिला जीव चिकटलेला असतो ती शिंप कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता तर रिकामीही मिळू नये असा कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली काही शिंपले आणि शंख घालण्यात आले. त्यात मॅक्झिमा आहे, त्याचा खवल्याखवल्यांचा भाऊ स्क्वामोसा आहे, आणि घोड्याच्या खुरासारखा दिसणारा हिप्पोपस आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. मारला, विकला तर तीन ते सात वर्षं तुरुंग. आत्याला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "म्हणजे मी काय वाघावर साबण ठेवत होते?" सांगायची संधी मिळाली नाही. आत्या गेली, मग चाळ पुनर्विकासात गेली, सामान टेंपोत भरताना मोरीवरचं काही कोणी मोजून घेतलं नाही. आतेबहिणीला विचारलं तर तिला आधी शिंपच आठवेना. मग म्हणाली, "ती साबणाची? असेल गं ढिगाऱ्यात." गिरगावातल्या कुठल्या तरी टॉवरच्या पायाच्या भरावात आता ती असेल. पॅसिफिकमध्ये प्रवाळाच्या बेटांच्या भरावात असल्या शिंपांचाही चुरा असतो, तेव्हा तशी फारशी वावगी जागा नाही.

परदेशांत हौशी लोक याला घरच्या काचेच्या टाकीत पाळतात. निळ्याला जास्त पैसे पडतात, तपकिरीला कमी. वर दिवे, निळसर पांढरे, उन्हाची नक्कल करणारे. मी एकदा परदेशी गेले असताना एका दुकानात असा बघितला. छोटा, झगझगीत, ओठ पूर्ण पसरलेले. दुकानदार कौतुकाने दाखवत होता. मी सवयीने हात वर धरला, सावली पाडून बघावी म्हणून. तो मिटला. मग उघडला. पुन्हा हात धरायचा धीर झाला नाही. ज्याला जागचं हलता येत नाही त्याच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा सावली धरणं म्हणजे चूल पेटली की पाणी ओतणं. मिटलेल्या शिंपल्याला ऊन मिळत नाही, आणि न मिळालेलं ऊन त्या दिवसाच्या जेवणातून वजा होतं. अगत्तीच्या लगूनात मोसमात रोज किती होड्या येतात, किती जण मास्क लावून वरून तरंगत जातात. ते दुष्ट नसतात. माझ्यासारखेच नीट बघायला आलेले असतात.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगते. परवान्याचे कागद आधी करून घ्या, त्याशिवाय तिथे पाय ठेवू देत नाहीत. लगूनात सकाळी उतरा, ओहोटीला, ऊन तिरपं असताना. उभं राहायचं ते वाळूवर, प्रवाळावर नाही. हात पाठीशी बांधून ठेवा. आणि शिंपला दिसला की त्याच्या वर जाऊ नका, त्याला वळसा घालून पश्चिमेकडे जा आणि तोंड सूर्याकडे करा. डोळ्यांवर ऊन येईल, ते येऊ द्या. सावली मागे पडली पाहिजे.